ड्रायव्हर आणि सामान

गाडीत दोनच गोष्टी असतात, असं काळमेघसाहेब म्हणत. एक ड्रायव्हर आणि दुसरं सामान. ड्रायव्हर म्हणजे ते स्वतः. सामान म्हणजे बाकी सगळं: पोती, पिशव्या, पाण्याचा कॅन, मी, त्यांचे साडू, आणि ज्यांच्यासोबत त्यांनी उभा जन्म काढला त्या निर्मलाकाकू. निघायच्या आधी ते आरशात बघून ओरडत, "सामान बसलं काय?" आणि मागच्या सीटवरून काकू म्हणत, "बसलं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. पुढेपुढे त्याचं काही वाटेनासं झालं.

पिपरी मेघेत आमची घरं समोरासमोर. साहेब सरकारी खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले, मी शाळेतून. ते मला मास्तर म्हणत आणि त्या शब्दात जेवढा कमीपणा भरता येईल तेवढा भरून म्हणत. माझ्या स्कूटरला त्यांनी शिलाई मशीन हे नाव ठेवलं होतं. "काय मास्तर, आज किती ब्लाउज शिवले?" असं त्यांनी माझ्या जावयासमोर विचारलं होतं. त्यांच्यावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकतो. पण संध्याकाळी त्यांच्या फाटकाशी जाऊन उभं राहिलं नाही तर मला जेवण गोड लागत नसे, हेही तितकंच खरं. ते दुसऱ्याची सालटी काढत असले की ऐकायला फार मजा यायची. आपली पाळी येईपर्यंत, अर्थात.

सालटी काढायचा त्यांचा ठरलेला विषय म्हणजे लोकांचं गाडी चालवणं. खांद्यावर पिवळं फडकं टाकून ते फाटकात उभे असत आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा निकाल लावत. कोपऱ्यावरचे डॉक्टर गेले की, "पेशंट मारते तशीच गाडी मारून राह्यला." शेजारच्या बँकवाल्या बाई गेल्या की, "ब्रेकवर पाय ठेवून झोपली बाई." स्वतः मात्र गाडी अशी चालवायचे की मांडीवरचा चहा सांडू नये. ते मला नाइलाजाने मान्य करावं लागे. त्यांच्या हाताला चाक शोभत होतं आणि त्या चाकामागची जागा सोडली तर जगातली दुसरी कुठलीच जागा त्यांना आपली वाटत नव्हती. घरात ते पाहुण्यासारखे वागत. गाडीत बसले की मालक होत.

मुलगा मंगेश पुण्याला असतो. त्याने वडिलांसाठी नवी गाडी बुक केली आणि साहेबांचा दुसरा जन्म झाला. पांढरी शुभ्र, बिनगिअरची, चारी बाजूंनी कॅमेरे असलेली. रस्त्यावरचा पट्टा सोडून गेलं की चाक थरथरायचं, डुलकी लागली की घंटी वाजायची, समोर काही आडवं आलं की आपोआप ब्रेक लागायचा. गाडीसोबत आलेलं जाडजूड पुस्तक साहेब रोज दुपारी पोथी वाचावी तसं वाचत. गाडीच्या नाकावरच्या गोल चिन्हावर बोट न टेकवता ते दाखवत आणि सांगत, "ह्याच्या मागं गाडीचा एक डोळा हाये. दुसरा वरती काचेवर, आरशाच्या मागं. दूधवाल्यानं सायकल टेकवली तर टांगडं तोडीन त्याचं."

गाडीशी बोलताही येत असे. फक्त तिला वऱ्हाडी समजत नव्हतं. "खिडकी उघड वं," म्हटलं की आतली बाई माफी मागायची. मग साहेब तिच्यासाठी वेगळं बोलायला शिकले. आवाज मऊ करून, मान जराशी वाकवून ते म्हणत, "प्लीज ओपन द विंडो." खिडकी उघडली की "थँक यू"सुद्धा म्हणत. एकदा काकू मागून म्हणाल्या, "ऐकलं काय मास्तर? मले आजलोक प्लीज म्हटलं नाई ह्या मानसानं."

"तू एका डावात ऐकते काय?" साहेब म्हणाले. "ते ऐकते."

काकूंचं माहेर कारंज्याजवळचं. भाऊ वासुदेव भाजीपाला पिकवतो. एकदा आम्ही तिकडून परतताना त्याने वांग्यांचं पोतं दिलं. डिकी भरलेली होती, म्हणून पोतं पुढच्या डाव्या सीटवर ठेवलं. ती सीट एरवी रिकामीच असे. पुढे कोणी बसलं की त्याचं डोकं मधे येतं आणि डावा आरसा दिसत नाही, अशी साहेबांची तक्रार होती. म्हणून काकू कायम मागे. तर पोतं ठेवलं आणि गाडी पीं पीं करायला लागली. तिला वाटलं माणूस बसला आणि बेल्ट लावला नाही. साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी पोत्याला स्वतःच्या हाताने बेल्ट बांधला आणि हात जोडून म्हणाले, "वांगीताई, बराबर बसल्या ना?" पूर्ण रस्ताभर ते वांगीताईंशी बोलत होते. डाव्या बाजूची शेतं दाखवत होते, थंडी वाजते का विचारत होते. मी हसून हसून बेजार झालो. काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

त्यानंतर त्यांनी बाजारातून बेल्टचं नुसतं लोखंडी टोक आणलं. ते खाचेत खोचलं की गाडीला वाटतं बेल्ट लागला, आणि ती गप्प बसते. डाव्या सीटच्या खाचेत ते टोक कायमचं बसलं. स्वतःचा बेल्ट मात्र साहेब फाटकातून गाडी बाहेर काढण्याआधी लावत. मी एकदा विचारलं, तिकडे कोणी बसलं तर? ते म्हणाले, "सामानाले बेल्ट कायले?"

आता ते ब्रेकचं सांगतो. गाडी आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी गल्ली गोळा केली. गाडी आपोआप थांबते हे दाखवायचं होतं. समोर कोण उभं राहतं, म्हणून त्यांनी विचारलं. डॉक्टरांना फोन आला. मला माझा गुडघा आठवला. तेव्हा त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "निर्मला! इकडं ये."

काकू कणीक मळत होत्या, तशाच पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"इथं उभी राह्य. हलू नको."

"काऊन?"

"काऊन काऊन करू नको. उभी राह्य म्हटलं ना."

साहेब गाडीत बसले, मागे गेले आणि ब्रेकवर पाय नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून दार जरासं उघडं ठेवून पाय बाहेर दाखवला. मग दार लावून त्यांनी गाडी सोडली. काकूंनी डोळे मिटले. गाडी आली आणि कचकन थांबली, ती इतकी जवळ की काकूंचे पुढे आलेले दोन्ही हात बॉनेटवर टेकले. गल्लीने टाळ्या वाजवल्या. साहेब खाली उतरले ते थेट बॉनेटकडे. पांढऱ्या रंगावर कणकेचे दोन पंजे उमटले होते.

"लावले ना हात! सांगतलं होतं ना हलू नको म्हून!" असं म्हणून त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि ते डाग पुसले. काकू मग आत गेल्या, कारण कणीक अर्धीच मळून झाली होती.

पुढे हा रिवाजच पडला. पाहुणा आला की चहाच्या आधी ब्रेक. काकू हाक यायच्या आधीच पदराला हात पुसत बाहेर येऊन जागेवर उभ्या राहत आणि डोळे मिटत. साहेबांचे साडू एकदा म्हणाले, अहो, मशीनच ते, एखाद्या दिवशी नाही थांबलं तर? साहेब चिडले. "मानूस चुकते," ते म्हणाले. "हे चुकत नाई." काकू तिथेच होत्या. कोणीतरी त्यांच्याकडे बघायला हवं होतं, पण सगळे गाडीकडे बघत होते.

दसरा आला. गाडीची पूजा साहेब स्वतः करत, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. त्या वर्षी त्यांनी झेंडूचा मनगटाएवढा जाड हार आणला आणि तो गाडीच्या नाकावर, त्या गोल चिन्हावरून आडवा बांधला. खाली लिंबू-मिरची. मग कुंकू भिजवून काचेवर, अगदी वरती मधोमध, ठसठशीत स्वस्तिक काढलं. म्हणजे ज्या दोन जागांना बोट लावलं तर ते दूधवाल्याचं तंगडं तोडणार होते, त्या दोन्ही त्यांनी आपल्याच हाताने बुजवल्या. एवढं पुस्तक वाचलेल्या माणसाच्या हे लक्षात येऊ नये? पण पूजा वेगळी आणि गाडी वेगळी. हार कधी कशाच्या आड येतो का? मी शेजारी नारळ धरून उभा होतो, माझ्याही डोक्यात आलं नाही.

सोनं द्यायला आम्ही कारंज्याकडे निघालो. साहेब, मी आणि काकू. आम्ही दोघं सामान मागे. गाडी सुरू होताच समोरच्या पडद्यावर पिवळी अक्षरं आली.

"अहो, ते पिवळं काय लिहून आलं?" काकूंनी विचारलं.

"तुले काय करायचं हाये? हॅप्पी दसरा लिहिलं असन."

मला हसू आलं. मी चष्मा घरी विसरलो होतो, नाहीतर वाचलं असतं. ती अक्षरं थोड्या वेळाने बारीक होऊन कोपऱ्यात गेली, पण विझली नाहीत.

वासुदेव हायवेवरच्या ढाब्यावर थांबला होता. त्याच्या ओळखीची चार माणसं होती, बाजांवर ट्रकवाले जेवत होते. आपट्याची पानं देऊन झाली, पाया पडून झालं, आणि वासुदेवाने विचारू नये ते विचारलं. "भाऊजी, गाडी आपोआप थांबते म्हंते लोकं. खरं काय?"

साहेबांच्या चेहऱ्यावर असं तेज मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं. "निर्मला," ते म्हणाले, "उभी राह्य."

ढाब्याच्या पाण्याच्या सिमेंटच्या टाक्यासमोर काकू जाऊन उभ्या राहिल्या. हातात सोनं तसंच होतं. त्या हाराकडे बघत होत्या. "अहो, ते पिवळं अजून गेलं नाई," त्या म्हणाल्या.

"आता तू मले गाडी शिकवून राह्यली काय?"

लोक जास्त होते म्हणून साहेब त्या दिवशी नेहमीपेक्षा बरेच मागे गेले आणि नेहमीपेक्षा जोरात आले. ट्रकवाले घास हातात धरून बघत होते. मी काकूंकडे बघत होतो, म्हणून मला दिसलं. त्यांनी डोळे मिटले नव्हते. गाडी येत होती आणि त्या सरळ तिच्याकडे बघत होत्या. अगदी शेवटच्या घडीला त्या एक पाऊल बाजूला सरकल्या. ओरडल्या नाहीत, पळाल्या नाहीत. दारातून कोणाला वाट द्यावी तशा सरकल्या.

त्या जिथे उभ्या होत्या तिथून गाडी गेली आणि टाक्यावर आदळली. टाकं फुटलं. झेंडूची फुलं आणि पाणी सगळीकडे झालं. पांढरी पिशवी फुगून साहेबांच्या छातीवर आली होती आणि उजवा हात चाकात नको तसा अडकला होता. तेवढ्यात एक ट्रकवाला हात न धुता उठून आला, आत डोकावला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, ब्रेक पायानं दाबा लागते."

लोक हसले. हाडं मोडलेल्या माणसासमोर लोक हसले, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

नव्या गाडीला आणखी एक गोष्ट येत होती. ठोकली गेली की ती स्वतःच घरच्यांना फोन लावायची. आतून मंगेशचा आवाज यायला लागला, सगळ्या ढाब्याला ऐकू जाईल असा. "हॅलो? बाबा? गाडीचा मेसेज आला. काय झालं? गाडी चालू हाये ना?"

"गाडी बंद पडली," काकूंनी खिडकीतून सांगितलं. "मी उभी हावो."

साहेबांचा उजवा हात कोपरातून आणि मनगटातून गेला होता. ऑपरेशन झालं, पण अंगात साखर, वय झालेलं, बोटं काही मिटेनात. गाडी पुन्हा चालवता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. साहेबांनी ते ऐकलंच नाही. भेटायला येणाऱ्यांना ते पडल्या पडल्या एकच गोष्ट सांगत.

"हे हलली. हलायचं काय काम होतं? उभी राह्यली असती तर थांबली असती गाडी. ते मशीन मानसाले वळखते, टाक्याले नाई वळखत."

लोक हार आणि कुंकवाचं सुचवून बघत. मंगेशने फोनवर समजावून सांगितलं. साहेब ऐकायचे, मान हलवायचे आणि पुढच्या पाहुण्याला पुन्हा तेच, "हे हलली." प्रत्येक वेळी काकू चहाचा ट्रे घेऊन दारात असत. आपण मेलो नाही याबद्दल आपला नवरा आलेल्या-गेलेल्यांकडे तक्रार करतोय, हे बाईने किती वेळा ऐकावं?

एका संध्याकाळी मी बसलेलो असताना साहेबांनी कोणा जुन्या सहकाऱ्याला तीच गोष्ट सांगायला घेतली. काकूंनी ट्रे टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, "मास्तर, नालवाडीत ते गाडी शिकवते ना, त्याइचा नंबर हाये काय तुमच्यापाशी?"

साहेब ठसका लागेपर्यंत हसले. "ऐका! सामान गाडी चालवन आता!"

"हलता येते ना मले," काकू म्हणाल्या. "तुमीच सांगता सगळ्याइले."

आणि त्या शिकल्या. रोज सकाळी नालवाडीची ती जुनी गाडी, छपरावर लाल पाटी लावलेली, त्यांना घ्यायला यायची. साहेब गळ्यात हात अडकवून फाटकात खुर्ची टाकून बसायचे. गाडी बंद पडली की खूश. "पाहा मास्तर, मेली. म्हैस बरी." काकू गाडी पुन्हा चालू करत. पुढे बंद पडणं कमी होत गेलं आणि साहेबांचं बोलणंही. लायसन आलं त्या दिवशी काकूंनी गल्लीत पेढे वाटले. साहेबांनी पेढा घेतला नाही, शुगरचं कारण सांगितलं.

पांढरी गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा चावी काकूंच्या कमरेला गेली. साहेब डाव्या हाताने फडकं मारत तिच्याभोवती फिरायचे. एकदा माझ्यादेखत म्हणाले, "निर्मला, चावी दे. चालवत नाई. नुसतं बसून पाह्यतो."

"हात बरा होऊ द्या," काकू म्हणाल्या.

हात बरा होणार नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं. मला साहेबांचं वाईट वाटलं, पण फार नाही.

मी त्यांना गाडीजवळ शेवटचं पाहिलं ते थंडीतल्या एका सकाळी. त्यानंतर मंगेश त्यांना पुण्याला घेऊन गेला. काकू गेल्या नाहीत. त्या दिवशी हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात जायचं होतं. मी माझ्या फाटकात पेपर वाचत होतो. साहेब घरातून बाहेर आले आणि सवयीने गाडीच्या उजव्या दाराशी गेले. आत काकू बसलेल्या होत्या, गाडी चालू होती.

"तिकून बसा," काकू म्हणाल्या. "पुढं."

साहेब समोरून वळसा घालून निघाले आणि बरोब्बर बॉनेटसमोर, मधोमध, थबकले. काचेतून त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. चाकावरचे दोन्ही हात स्थिर होते. मी पेपर खाली केला. गल्लीत दुसरं कोणी नव्हतं. साहेबांचा डावा हात आपोआप थोडा पुढे आला आणि त्यांनी डोळे मिटले.

काहीच झालं नाही. काकू नुसत्या बसून होत्या. जरा वेळाने साहेबांनी डोळे उघडले आणि इतक्या घाईने पलीकडे गेले की पायातली चप्पल निसटली. ती उचलायलाही ते वाकले नाहीत. दार उघडून डाव्या सीटवर बसले, डाव्या हाताने बेल्ट ओढून छातीवरून घेतला आणि खाच शोधायला लागले. खाचेत ते टोक होतं. त्यांनीच खोचलेलं. उजव्या हाताच्या बोटांनी ते निघेना आणि डावा हात बेल्टात गुंतलेला. ते पुढे वाकून धडपडत होते.

"डोकं मागं घ्या," काकू म्हणाल्या. "आरसा दिसत नाई."

"हे टोक काढ जरासं. बेल्ट लागून नाई राह्यला." मग थांबून साहेब म्हणाले, "प्लीज."

काकूंनी क्षणभर ऐकल्यासारखं केलं. "गाडी वाजते काय?"

साहेबांनीही कान दिला. "नाई."

"मंग राहू द्या."

गाडी गल्लीतून सावकाश निघाली. उघड्या खिडकीतून मला साहेब दिसत होते. बेल्टची पट्टी मुठीत तशीच धरून ते ताठ बसले होते, डोकं मागे टेकलेलं. काकूंनी कोपऱ्यावर इंडिकेटर दिला, दोन्हीकडे बघितलं आणि वळल्या. गाडी शेवटपर्यंत वाजली नाही.